झिरो फिरवा, अक्का सांगतील

"साकु."

कॅसेट सुरू होऊन पहिलं कडवं संपायच्या आत अक्कांचं बोट टेपरेकॉर्डरच्या बटणावर जायचं आणि हा एकच शब्द बाहेर पडायचा. साकु म्हणजे पुरे. बंगळूरच्या खानावळीत वाढप्याला थांबवायला हा कन्नड शब्द मी रोज वापरत होतो. पण गायकाला असं ताटावर आडवा हात धरून थांबवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

अक्का आमच्या सरकारी कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. नव्वदीची सुरुवात होती. मी पुण्याहून नोकरीला नवाच आलो होतो. आमच्या टेबलावरच्या फोनची तबकडी फिरवून कारखान्यातल्या कारखान्यात बोलता यायचं, बाहेर बोलायचं तर झिरो फिरवून ऑपरेटरकडे नंबर मागावा लागायचा. पहिल्याच आठवड्यात मी झिरो फिरवला आणि पुण्याचा एक नंबर मागितला. पलीकडून चोख मराठीत प्रश्न आला, "पुण्याचे का तुम्ही?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"'प्लीज' पण हुकूम सोडल्यासारखं म्हणालात. स्वल्प थांबा, लावते."

अक्कांचं घराणं इतक्या पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलं होतं की मूळ गाव कुठलं हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. मराठी मात्र टिकून होती. तिच्यात 'जरा'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' असे कन्नड शब्द इतके बेमालूम मिसळलेले होते की दोन महिन्यांत माझ्याही तोंडी ते बसले. त्या माणसांना नावानं ओळखत नसत, एक्स्टेन्शनच्या नंबरानं ओळखत. माझा टेबलफोन दोन-चौदा होता, म्हणून मी 'दोन-चौदा'. माझं लग्न झालं तेव्हा बायकोला पाहून त्या म्हणाल्या, "दोन-चौदा, चांगली मुलगी मिळाली हं तुम्हाला." बायको घरी येईपर्यंत विचारात होती की हा कुठला हिशेब.

आता टेलिफोन आणि गाण्यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मलाही तो हळूहळूच कळला. त्या दिवसांत दर आठवड्याला नव्या कॅसेटींचा पाऊस पडत असे. पॉप गाण्यांचे अल्बम, गझला, भावगीतं, भजनं, जुन्या गाण्यांवर नवा ताल चढवलेली रिमिक्स. पगारात सगळं परवडणं शक्य नव्हतं आणि कव्हर पाहून घेतलेली कॅसेट हमखास फसवायची. अक्का शुक्रवारी संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरल्या की घरी जाण्याआधी जयनगरच्या कॉम्प्लेक्समधल्या कॅसेटच्या दुकानात जात. दुकानदार त्यांच्यासाठी काउंटरमागे स्टूल ठेवायचा. नवा माल फोडून तो एकेक कॅसेट लावायचा आणि अक्का पिशवी मांडीवर घेऊन ऐकायच्या. सोमवारी सकाळपासून कारखानाभर झिरो फिरू लागायचा.

"अक्का, ती नवी गझल घेऊ का?"

"नको. तो माणूस दुःखी नाही, त्याला सर्दी झाली आहे."

"आणि रिमिक्स?"

"जुन्या साडीचा पडदा शिवलाय. पडदा वाईट नाही. पण साडी गेली."

एका पॉप गायकाच्या पहिल्या अल्बमवर त्यांचं मत होतं, "गाण्यापेक्षा जाकीट चांगलं आहे." एका भजनांच्या कॅसेटविषयी त्या म्हणाल्या होत्या, "हा देवाला हाक मारतोय का रिक्षाला?" मत मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, समोरच्याला हव्या त्या भाषेत मिळायचं. फार बरी कॅसेट असली तर शेरा यायचा, "परवागिल्ला." म्हणजे ठीक आहे, चालेल. याच्या वरची पायरी त्यांच्याकडे नव्हती. 'परवागिल्ला' ऐकलं की शहाणी माणसं संध्याकाळी दुकान गाठत.

त्यांचं चुकायचंही. एका नाचाच्या गाण्याला त्यांनी "पंधरा दिवस" असं आयुष्य दिलं होतं. ते गाणं दोन वर्षं प्रत्येक लग्नात वाजलं. त्यांच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात तर वरातीच्या बँडनं त्यांच्या समोरच उभं राहून वाजवलं. मी मुद्दाम विचारलं, "काय अक्का, पंधरा दिवस झाले नाहीत का अजून?" त्या बँडकडे बघत म्हणाल्या, "लोकांचं चुकलेलं नाही. माझंही चुकलेलं नाही. गाणंच चुकून चाललंय."

आमच्या कारखान्याचे जनरल मॅनेजर नागपूरचे होते. त्यांच्या पत्नीला सगळे मॅडम म्हणत. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्या गात आणि खरोखर बरं गात. एके वर्षी त्यांची भावगीतांची कॅसेट निघाली. गाणी नवी, चाली नव्या, रेकॉर्डिंग बंगळूरच्याच एका स्टुडिओत झालेलं. कव्हरवर मॅडम रेशमी साडीत, हातात वीणा. वीणा त्यांना वाजवता येत नव्हती. ती फोटोग्राफरची होती.

कारखान्यात कॅसेट न घेतलेला माणूस सापडणं अवघड झालं. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्यांनीही घेतली. वेष्टन फोडायच्या आधीच जिन्यात, कॅन्टीनमध्ये, सायकलस्टँडवर "वा, काय गायल्यात!" सुरू झालं. आणि मग साहजिकच झिरो फिरू लागला. अक्कांचं काय मत आहे?

अक्का सगळ्यांना एकच उत्तर देत होत्या. "अजून सांगायचं नाही."

यात एक अडचण होती. कारखान्यात नवं स्वयंचलित एक्स्चेंज येणार होतं. मग ज्याला त्याला आपला नंबर आपणच लावता येणार आणि दोन ऑपरेटरांपैकी एकीलाच मुख्य ऑफिसच्या रिसेप्शनवर जागा राहणार. दुसरीला यशवंतपूरच्या स्टोअरला पाठवायचं ठरत होतं. तिथं आमचा कच्चा माल उतरायचा. जयनगरहून यशवंतपूर म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं, दोन बस बदलून. अक्कांचे यजमान मशीन शॉपमधून निवृत्त झालेले. तिथल्या आवाजानं त्यांचे कान जवळजवळ गेले होते आणि दिवसभर ते घरी एकटेच असत. अक्का सीनिअर होत्या, रिसेप्शनची खुर्ची त्यांना मिळेल असं सगळे धरून चालले होते. पण सही जनरल मॅनेजरांची व्हायची होती.

पर्सोनेलमधले एक गृहस्थ चहा प्यायच्या निमित्तानं एक्स्चेंजमध्ये जाऊन अक्कांना सांगून आले, "अक्का, एकदा 'छान' म्हणून टाका. तुमचं काय जातंय?"

मीही एकदा विचारलं, "अक्का, ऐकली ना तुम्ही? मग का सांगत नाही?"

"मॅडमनी मला अजून विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "ज्यानं गायलंय त्याच्या आधी गावाला सांगणं बरं नाही. मोठ्या गायकांचं वेगळं, ते काही मला फोन करणार नाहीत. या इथल्या इथे आहेत."

दोन-चार दिवसांनी दुपारी मी एक्स्चेंजच्या खोलीत गेलो होतो. पुण्याला आईशी बोलायचं होतं आणि लाइन मिळत नव्हती. धाकटी ऑपरेटर जेवायला गेली होती. बोर्डावर दिवा लागला. अक्कांनी वायर खोचली आणि त्या एकदम ताठ बसल्या. फोन जनरल मॅनेजरांच्या बंगल्यावरून होता.

मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"नमस्कार मॅडम... हो, ऐकली. दोनदा ऐकली." मग जरा थांबून, "मॅडम, एक विचारते. कौतुक पाहिजे का मत पाहिजे?"

पलीकडून काय आलं कोण जाणे. अक्कांनी हेडफोन नीट बसवला.

"सरी. मग सांगते. पट्टी तुमची नाही. कीबोर्डवाल्यानं त्याच्या सोयीनं धरली आहे, फार वर. प्रत्येक गाण्यात वरच्या सुराला तुम्ही टाचा उचलून हात लावताय. मला ऐकताना तुमच्या टाचा दिसतात... हो... आणि तो ताल. मशीनचा आहे ना? तो माणसाला श्वास घेऊ देत नाही. तुम्ही शब्द गिळताय, नाहीतर तो पुढं निघून जातो... नाही, आवाज वाईट नाही. आवाज चांगला आहे, म्हणून तर राग येतो." मग त्या एकदम हसल्या. "ती शेवटची अंगाई चांगली आहे. खरंच चांगली. तिथं ते मशीन का नाही लावलं?... काय? बंद पडलं होतं त्या दिवशी? आय्यो! मग बघा की."

हसणं तिथंच थांबलं. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि त्यांनी वायर काढली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. ठेवला."

त्यांनी शेजारच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. पेला भरला तरी त्या ओततच राहिल्या, थोडं पाणी टेबलावर सांडलं.

"भीती वाटते का अक्का?"

"वाटते की. यशवंतपूर काय जवळ आहे?"

"मग 'छान' म्हणायचं."

"म्हणता येतं. पण मग सोमवारी तुम्ही विचारणार, अक्का, ही नवी घेऊ का? तेव्हा मी काय सांगू? तुम्हाला वाटणार, ही त्या दिवशीसारखं तर बोलत नाही ना?" त्यांनी पदरानं टेबल पुसलं आणि बोर्डाकडे वळल्या. "बसा, पुणं लावते."

पुढच्याच महिन्यात यादी लागली. धाकटी ऑपरेटर रिसेप्शनला, अक्का यशवंतपूरला.

कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. काही जण चिडले, काही जण म्हणाले, तोंड आवरायला नको का. धाकटी ऑपरेटर रडत अक्कांकडे आली, तिचं मूल कारखान्याशेजारच्या पाळणाघरात होतं आणि यशवंतपूरला जाणं तिला जमणारं नव्हतं, पण असं मिळालेलं तिला नको होतं. अक्कांनी तिलाच दटावलं. "तू मुलाकडे बघ. स्टोअरमध्ये पण टेलिफोन आहे."

एका रविवारी सकाळी आमच्या इंदिरानगरच्या घराची बेल वाजली. दारात मॅडम उभ्या होत्या. गाडी नाही, ड्रायव्हर नाही. मंडळामुळे माझ्या बायकोशी त्यांची ओळख होती. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला त्यांच्या घरी घेऊन चला. ऑफिसची गाडी नको. तिथं गाडी उभी राहिली की सगळ्या गल्लीला कळेल."

मॅडम आणि माझी बायको ऑटोत, मी मागून स्कूटरवर, असे आम्ही जयनगरला पोचलो. अक्का दळणाचा डबा घेऊन फाटकातून बाहेर पडत होत्या. मॅडमना बघून त्यांनी डबा तिथंच कट्ट्यावर ठेवला.

"या की. आत या."

घर लहान आणि लख्ख होतं. अक्कांचे यजमान उठून उभे राहिले आणि मोठ्या आवाजात नमस्कार म्हणाले. मॅडम बसायच्या आधीच बोलू लागल्या.

"अक्का, मी यांच्याजवळ चकार शब्द काढला नव्हता. देवाशपथ. यादी लागली ती मला कालच कळली, तीही भाजीवाल्याकडे कुणीतरी बोलत होतं म्हणून. मी घरी गेल्यावर यांना विचारलं. ते म्हणाले, लहान मुलाची आई लांब कशी पाठवायची, म्हणून असं केलं. पण सगळे म्हणणार माझ्यामुळे झालं. मी यांना सांगून तुमची बदली रद्द करवते."

"नको," अक्का म्हणाल्या.

"का?"

"तिचं मूल लहान आहे हे खरं आहे. आणि रद्द झाली, तर परत सगळे काय म्हणतील? मॅडमनी खुर्ची दिली, आता ही गोड बोलणार. मग मी तुमच्या पुढच्या कॅसेटबद्दल काय बोलणार?"

 मॅडमनी पर्समधून आपलीच कॅसेट काढली. "त्या दिवशी फोन ठेवला, कारण मला रडू आलं. राग नव्हता. म्हणजे, होता थोडा. आता समोर बसून सांगा. कुठं कुठं?"

टेप सुरू झाला. अक्का डोळे मिटून ऐकू लागल्या. आणि गंमत अशी की त्यांचे यजमान टेपकडे न बघता बायकोच्या तोंडाकडे बघत बसले. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तसे ते मोठ्यानं म्हणाले, "हे नाही!"

मॅडम दचकल्या. "काका, तुम्हाला ऐकू येतं?"

माझ्या बायकोनं प्रश्न त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा विचारला. ते हसले. "गाणं नाही ऐकू येत. हिचा चेहरा दिसतो. लग्नाला तीस वर्षं झाली, अजून चुकलेलो नाही."

दुसऱ्या गाण्याला ते म्हणाले, "हे पण नाही." तिसऱ्याला मान तिरकी करून, "मध्ये थोडं बरं होतं." मॅडमना हसू आवरेना. अक्का लटक्या रागानं "तुम्ही गप बसा की" म्हणत होत्या आणि मग टेप थांबवून कुठल्या शब्दाला श्वास घ्यायचा, कुठं सूर खाली ठेवायचा हे सांगत होत्या. एका गाण्यावर मात्र माझ्या बायकोनं भांडण काढलं. अक्कांना ते सगळ्यात वाईट वाटत होतं आणि बायकोला तेच सगळ्यात आवडत होतं. बराच वाद झाला. शेवटी अक्का म्हणाल्या, "असू दे. तुझ्यासाठी तेवढं एक ठेवू या."

मग अंगाई लागली.  यजमान उठले आणि त्यांनी छताचा पंखा बंद केला. "पंख्याची घरघर होते," ते म्हणाले. "चांगलं असलं की हिला नीट ऐकू दे."

मॅडम तेव्हा रडल्या.

त्या दिवशी आम्ही जेवूनच निघालो. दळणाचा डबा संध्याकाळपर्यंत कट्ट्यावरच होता.

अक्का यशवंतपूरला गेल्या. मला वाटलं होतं, त्या तिथं कोमेजतील. एकदा मालाच्या तपासणीसाठी मी स्टोअरला गेलो, तर आवारात एका लॉरीच्या केबिनमध्ये अक्का बसलेल्या. बाहेर दोन ड्रायव्हर आणि चार हमाल उभे. केबिनमधल्या टेपवर कुठलीशी नवी कॅसेट चालू होती.

"साकु," अक्का म्हणाल्या आणि हमाल हसले.

मला पाहून त्या खाली उतरल्या. "दोन-चौदा, इथं फार सोय आहे हो. कोल्हापूरचा एक ड्रायव्हर येतो, मराठी कॅसेट जयनगरच्या दुकानाआधी माझ्याकडे येते. सेलमचा येतो, त्याच्याकडे तमिळ. आणि लॉरीत काय आवाज घुमतो! घरच्या डब्यात तो कुठला?" मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "बसमध्ये पाय दुखतात. पण एकदा पोचलं की बरं वाटतं."

वर्षभरानं मॅडमची दुसरी कॅसेट निघाली. पट्टी खाली, साथीला पेटी आणि तबला. कव्हरवर मॅडम नुसत्याच, वीणेशिवाय. ती पहिलीच्या निम्मीही खपली नाही, कारण तोवर साहेबांची दिल्लीला बदली ठरली होती आणि कारखान्यातल्या रसिकांचा उत्साह ओसरला होता. अक्कांनी ती ऐकली आणि म्हणाल्या, "परवागिल्ला." मॅडमनी हा शेरा दिल्लीला जाईपर्यंत भेटेल त्याला सांगितला. दिल्लीतल्या लोकांना त्याचा अर्थ त्यांनी कसा समजावला असेल ते त्यांनाच ठाऊक.

निवृत्तीनंतर अक्का आणि त्यांचे यजमान हुबळीला मुलीकडे राहायला गेले. तिथून एकदोनदा फोन आले, मग आमचीच घरं बदलली, नंबर बदलले. नवा अल्बम हातात घेतला की मला अजून जरा चाचपडल्यासारखं होतं. विचारायचं कुणाला?

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या स्टोअरमधल्या निरोपाच्या दिवशी. पत्र्याच्या शेडखाली, लोखंडी पट्ट्यांच्या गठ्ठ्यांवर सतरंज्या टाकून माणसं बसली होती. हमाल, ड्रायव्हर, धाकटी ऑपरेटर, आम्ही दोघं. आणि दिल्लीहून आलेल्या मॅडम. आता त्यांच्या येण्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं की सुधारणार नव्हतं. त्या आल्या होत्या, एवढंच. भाषणं झाली. मग मॅडमनी माईक बाजूला सारला आणि ती अंगाई म्हटली. पेटी नाही, तबला नाही. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

गाणं संपलं. मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "कसं झालं अक्का?"

 "दुसऱ्या कडव्यात श्वास चुकला," अक्का म्हणाल्या.

सगळी शेड हसली. मॅडम सगळ्यात जास्त हसल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि तेवढं कडवं पुन्हा म्हटलं. श्वास यायचा तिथं आला.

अक्कांनी मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि मागं वळून म्हणाल्या, "हं. आता चहा द्या सगळ्यांना."